इंधन अनुज्ञेय नाही

माझे वडील बत्तीस वर्षं सरकारी ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या शेवटच्या प्रवासात गाडी ढकलावी लागली. गाडीत काहीही बिघाड नव्हता. बिघाड माझ्यात होता.

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वाहन विभागात वरिष्ठ लिपिक आहे. (संस्थेचं नाव सांगत नाही. एवढी एक गोष्ट तरी मी नोकरीत नीट सांभाळली आहे.) बाबा त्याच विभागातून निवृत्त झाले. ते गाड्या चालवायचे, मी गाड्यांच्या फायली चालवतो. त्यांच्या हातून बत्तीस वर्षांत एकही गाडी रस्त्यात बंद पडली नाही. माझ्या हातून एक पडली, आणि नेमके तेच तिच्यात होते.

झालं असं, की आमच्याकडे पाच हायब्रिड गाड्या आल्या. प्रदूषण कमी करायचं होतं. गाड्यांबरोबर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही आलं. 'हायब्रिड म्हणजे काय' हा भाग जेवणानंतर होता. जेवणात श्रीखंड होतं. पुढचं मला आठवत नाही.

चार गाड्या चार साहेबांनी घेतल्या. पाचवी ज्या साहेबांना मिळाली, त्यांनी ती आठवड्यात परत पाठवली. "अहो, हिला आवाजच नाही! गाडी आली हे कोणाला कळत नाही, मग मी आलो हे कसं कळणार?" त्यांची तक्रार रास्त होती. शेवटी, जिथे आवाजाची गरज नसते अशा कामाला ती लावावी असं ठरलं. मागची आसनं काढली, स्ट्रेचरचे रूळ बसवले, काचांवर पांढरे पडदे लावले आणि तिची शववाहिका झाली.

मग इंधनाची फाईल माझ्या टेबलावर आली. मी माझ्या वळणदार अक्षरात टिपणी लिहिली : 'सदर वाहन विद्युत प्रवर्गातील असल्याने त्यास इंधन अनुज्ञेय नाही.' आमच्या विभागाच्या साहेबांनी सही केली, वर "छान!" म्हणाले. मला नोकरीत एवढं कौतुक कधी मिळालं नव्हतं. त्या भरात मी एक परिपत्रकही काढलं, की कोणत्याही चालकाने कार्यालयीन वाहनात परस्पर खाजगी इंधन भरू नये.

आता, गाडी आली तेव्हा तिची टाकी काठोकाठ भरलेली होती हे मला माहीत नव्हतं. ती थोड्या पेट्रोलवर खूप चालते हेही माहीत नव्हतं. त्यामुळे पुढचे दोन महिने माझी टिपणी रस्त्यावर धावत होती, आणि मी छाती काढून फिरत होतो.

एक दिवस शववाहिकेचे चालक मोरे आले.

"भाऊसाहेब, काटा खाली चाललाय."

"कोणता काटा?"

"पेट्रोलचा."

"मोरे, गाडी विजेची आहे. तो काटा आता शोभेचा समजा."

"पण भाऊसाहेब..."

"हायब्रिड म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

मोरे गेले. (मलाही कळत नव्हतं, पण मी खुर्चीत होतो आणि ते उभे होते.)

ही हकीकत मी घरी मोठ्या रुबाबात सांगितली. विश्रांतवाडीत आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा तेव्हा बाहेरच्या कॉटवरच असायचे. हृदयाचं दुखणं होतं, चार पावलं चालले की दम लागायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, ती दोन्हीवर चालते ना?"

"विजेवर चालते, बाबा."

"दोन्हीवर चालते. बॅटरी भरायला तिला इंजिनच लागतं. मग तिचं तोंड का बांधून ठेवलंस?"

"तुमच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या."

बाबांनी उशी सारखी केली. मग म्हणाले, "मला एकदा बसव त्यात. कशी चालते बघू."

"खाजगी वापराला मनाई आहे. आणि ती शववाहिका आहे, बाबा! काहीतरीच काय!"

"पुढे बसेन की. मोरेच्या शेजारी. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"बघू," म्हणालो. सरकारी नोकरीत 'बघू'चा अर्थ काय होतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर आठव्या दिवशी पहाटे ते गेले. आई चहा घेऊन गेली तेव्हा हात गार लागला.

मी माझ्याच विभागाला फोन केला. दोन जुन्या डिझेलच्या शववाहिका बाहेर गेल्या होत्या. "नवी आहे, भाऊसाहेब. पाठवू?" मी हो म्हणालो. खरं सांगतो, तेवढ्या दुःखातही मला थोडं बरं वाटलं. बाबांना नवी कोरी गाडी मिळाली!

दुपारपर्यंत गल्ली भरली. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं वाहिली, बाबांना गाडीत ठेवलं. आणि गाडी निघाली. ती निघाली हे मात्र कोणाला कळलंच नाही! इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, काही नाही. लोक आपले हात जोडून, मान खाली घालून उभे. मी डोळे पुसून वर बघतो तर समोर मोकळा रस्ता आणि बाबा कोपऱ्यावर वळलेले!

"अरे, थांबवा! मोरे! थांबा!"

मी धावलो, माझ्यामागे सगळी गल्ली धावली. रडणाऱ्या बायका रडणं थांबवून रिक्षांत बसल्या. अंत्ययात्रेला लोक सावकाश चालतात म्हणे. आमच्या अंत्ययात्रेची सुरुवातच शर्यतीने झाली.

गाडीला गाठलं तेव्हा मोरे म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही मागून येताय." मग ते बैलगाडीच्या गतीने चालवू लागले. आत एसी चालू, बाहेर ऊन, मागे आम्ही पायी. आळंदी रोडला लागलो, पुढचा सिग्नल ओलांडला, आणि गाडी थांबली. स्टिअरिंगमागच्या स्क्रीनवर लाल दिवा लागला, खाली इंग्रजीत एक लांबलचक वाक्य आलं. मोरेंनी काच खाली केली.

"भाऊसाहेब, बंद पडली."

"बॅटरी उतरली असेल," मी अधिकारवाणीने म्हणालो. "चार्जिंगला लावू."

झालं! साठ-सत्तर माणसं गाडीला वायर लावायचं भोक शोधायला लागली. कोणी बॉनेट उघडलं, कोणी वाकून खाली बघितलं, कोणी नंबरप्लेट ओढून पाहिली. समोरच्या झेरॉक्सवाल्याने लांब वायर असलेला बोर्ड बाहेर आणून दिला. माझा मेहुणा भला माणूस, त्याने खिशातून मोबाईलचा चार्जर काढून विचारलं, "हा चालेल का?" मी त्याच्याकडे रागाने बघितलं, आणि मग (हे सांगायला लाज वाटते) चार्जरचं टोक नीट निरखून पाहिलं.

भोक काही सापडेना. मागे हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाले गृहस्थ शेजारी येऊन ओरडले, "अहो, आम्हाला कामं आहेत! इथेच राहायला आलात का?" मग त्यांची नजर पडद्याच्या फटीतून आत गेली. "माफ करा हं," ते म्हणाले. "यांना घाई नाही, हे लक्षात आलं नाही माझ्या."

तेवढ्यात बबनकाका पुढे आले. बाबांचे जोडीदार, वाघोलीचे, तेही निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्याबरोबर आणखी पाच-सहा म्हातारे होते, सगळे एकेकाळचे चालक, धुवून इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टांत. बबनकाकांनी गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या चाकाच्या वर बोट ठेवलं.

"नितीन, ह्यात पेट्रोल हाय का?"

"काका, ही विजेची गाडी आहे."

"आरं, मग हे टाकीचं झाकण कशापायी हाय?"

साठ-सत्तर माणसांनी आधी झाकणाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला ते श्रीखंड आठवलं.

"पेट्रोल कोण देतं हिला?" काकांनी मोरेंना विचारलं.

"कोणी नाही. भाऊसाहेबांनी बंद केलंय."

मी बाजूला होऊन साहेबांना फोन लावला. निदान पंपाची चिठ्ठी तरी मिळावी.

"नितीन, फार वाईट झालं हो," साहेब म्हणाले. "पण चिठ्ठी कशी देणार? इंधन अनुज्ञेय नाही. तुमचीच टिपणी आहे."

"साहेब, अपवाद म्हणून..."

"अपवादाचा प्रस्ताव तुमच्या टेबलावरून यायला हवा. आणि तुम्ही तर आज रजेवर आहात!"

फोन ठेवला आणि मोरेंना म्हणालो, "मी माझ्या खिशातून भरतो." मोरेंनी मान खाली घातली. "खाजगी इंधन चालत नाही, भाऊसाहेब. परिपत्रक आहे. माझी नोकरी कंत्राटी आहे."

माझ्याच दोन कागदांमध्ये मी असा चेंगरलो होतो, आणि माझे वडील भर उन्हात गाडीत पडून होते. एसीही बंद झाला होता. बाबांभोवती ठेवलेल्या बर्फाचं पाणी दाराच्या फटीतून रस्त्यावर ठिबकत होतं. मी तिथेच उभा राहिलो.

तेव्हा मागच्या रिक्षातून आई उतरली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

"काय झालं?"

शेवटी मीच सांगितलं. सगळं सांगितलं, टिपणीसकट. तिने ऐकून घेतलं.

"पंप कुठे आहे?"

"पुढे. तीनेकशे पावलांवर," मोरे म्हणाले.

"मग ढकला. आणि मोरे, भरा पेट्रोल. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. मला नोकरी नाही."

मोरेंनी स्टिअरिंग धरलं. बबनकाकांनी बाह्या वर केल्या. त्या सहा-सात म्हाताऱ्यांनी तरुणांना पुढे येऊच दिलं नाही. "व्हा बाजूला," काका म्हणाले. "आमचा माणूस हाय." पंचाहत्तरीतली माणसं, एकाला बायपास झालेली, दुसऱ्याच्या गुडघ्याला पट्टा. सगळ्यांनी एकदम खांदा लावला.

मीही मागे लागलो. दोन्ही तळवे काचेवर, कपाळ काचेला टेकलेलं. पडदा सरकला होता. आत बाबांचे पाय दिसत होते. सकाळपासून मी फोन करत होतो, लोकांना पत्ते सांगत होतो, हार आणवत होतो. बाबा गेले हे मला तिथे, आळंदी रोडवर, गाडी ढकलताना कळलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं म्हणत होते. मोरेंच्या शेजारी बसले असते. पाच मिनिटांचं काम होतं.

"रडतोस काय? जोर लाव!" बबनकाका ओरडले. तेही रडतच होते.

पंपावर रांग होती. लोकांनी आम्हाला वाट दिली. पंपावरचा माणूस पूर्वी सीएनजीच्या रांगेवर असावा, कारण त्याने सवयीने काचेवर टकटक केलं. "आतल्या माणसांना खाली उतरायला सांगा."

आईच म्हणाली, "ते नाही उतरणार. ड्रायव्हर आहेत. गाडी सोडून जायची सवय नाही त्यांना."

त्या माणसाने आत बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. मग पुन्हा घातली, नळी उचलली आणि हळूच विचारलं, "शून्य बघून घेता ना?"

पेट्रोल भरलं. मोरेंनी बटण दाबलं. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा स्क्रीनवरचा लाल दिवा गेला आणि बॉनेटखाली इंजिन घुर्रकन चालू झालं. सगळ्या म्हाताऱ्यांचे कान एकदम टवकारले. बबनकाका डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत राहिले.

"चांगलं हाय इंजिन," ते म्हणाले. "उगा उपाशी ठेवलं."

त्यानंतर सगळं रीतसर पार पडलं. स्मशानात पोहोचायला तास उशीर झाला, पण कोणी बोललं नाही. मोरेंची नोकरी वाचली. मी दुसऱ्या दिवशी, रजेवर असूनही, कार्यालयात जाऊन ते परिपत्रक मागे घेतलं आणि टिपणी बदलून आलो. साहेबांनी सही केली. या वेळी "छान!" म्हणाले नाहीत.

पण घरी रोज माणसं भेटायला येत आणि मला तीच हकीकत सांगावी लागे. बाबा कसे गेले हे कोणी विचारतच नव्हतं. सगळ्यांना गाडी कशी थांबली तेच ऐकायचं असायचं. मीही सांगत राहिलो. दोन-तीन दिवसांनी तर प्रश्न नीट ऐकायच्या आधीच उत्तर तोंडातून बाहेर पडायला लागलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बिबवेवाडीहून बाबांची थोरली बहीण, पारूआत्या, आली. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, कानाला कमी. अंत्यविधीला तिला येता आलं नव्हतं. कार्यक्रम संपला, जेवणं झाली, तरी ती बाबांच्या फोटोसमोरून हलेना. मी जवळ जाऊन बसलो. तिने माझा हात धरला.

"नितीन, बरा होता की रे माझा भाऊ. अचानक काय झालं?"

"पेट्रोल संपलं, आत्या," माझ्या तोंडून गेलं.

तिला नीट ऐकू आलं नसावं. काहीतरी औषधाचं नाव असेल असं तिला वाटलं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि माझा हात आणखी घट्ट धरला.

"मग तू तर घरातच होतास ना, बाळा? वेळेवर दिलं का नाहीस?"

आजवर नोकरीत मी बावीस खुलासे दिले आहेत. हा एक अजून देता आलेला नाही.