दिगूचे कान आणि माझा आवाज

सकाळच्या शिफ्टची बस भरायच्या आत कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिगंबरचा फोटो आला. खाली जोडलेले दोन हात आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो कुणीतरी आम्ही दोघांनी केलेल्या एका गाण्यावरच्या चित्रातून कापून घेतला होता, आणि घाईत नीट कापला गेला नव्हता. दिगूच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. तो हात माझा. मला आधी वाटलं, ही दिगूचीच काहीतरी चेष्टा असणार. असले उद्योग तो करायचा. मग त्याच्या बायकोला, वहिनींना, फोन लावला. तो त्यांच्या मुलीनं उचलला आणि ती नुसतीच रडत राहिली… आदल्या संध्याकाळी छातीत कळ आली, गाडीत घालून नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता दीड महिना होत आला. ग्रुप वर सरकवत नेला की तो फोटो अजून दिसतो, आणि मी सरकवत असतो.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघांनी बावीस वर्षं काढली. दिगू प्रेस शॉपला, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या अजस्र मशीनवर. मी कंपनीच्या दवाखान्यात. पट्ट्या बांधायच्या, बीपी बघायचं, वर्षातून एकदा सगळ्यांचे कान तपासायचे, हे माझं काम. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे, त्यामुळे दिगूनं पहिल्या महिन्यातच मला ‘डाक्टर’ करून टाकलं आणि ती पदवी मला कायमची चिकटली. तो लातूरकडचा. येताना बाजाची पेटी घेऊन आलेला. तळवड्यात त्याच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत एक जुना लॅपटॉप, एक माइक आणि ती पेटी. गाणी तो लिहायचा, चाली तोच लावायचा, वाजवायचाही तोच. गायचो तेवढा मी. आजूबाजूला सगळे छोटे कारखाने, एरवी दिवसभर ठोकाठोक. गुरुवारी मात्र ते बंद, आमचीही सुट्टी, त्यामुळे रेकॉर्डिंग गुरुवारीच. पण गुरुवारी वीजही जायची. लॅपटॉपची बॅटरी दुपारी दोनपर्यंत टिकायची, म्हणजे आमची प्रतिभाही दोनपर्यंतच.

गाणी वाईट नव्हती, हे मी माझ्या तोंडानं सांगतो. पण एक खोट प्रत्येक गाण्यात राहायची. माझा आवाज वाद्यांत मिसळायचाच नाही. वाद्यं एकीकडे, मी एकीकडे. त्यात ‘स’, ‘श’, ‘च’ आले की कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचो, “दिगू, आवाज फार टोचतोय रे.” तो हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, “कुठं टोचतोय? उलट दबलेला हाय. मला तर समदं नीट ऐकू येऊलालंय.” आणि आवाजाची धार आणखी थोडी वाढवायचा. मग दोष माइकवर गेला. मग खोलीवर गेला. वहिनींच्या ठेवणीतल्या गोधड्या चारी भिंतींवर टांगल्या गेल्या आणि ऐन थंडीत घरातली माणसं नुसत्या चादरी पांघरून झोपली. आवाज काही मऊ झाला नाही.

आता जे सांगायचं आहे ते कान तपासणीचं. काचेच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा, बाहेरून मी एकेक बारीक शिट्टी सोडायची, आणि ऐकू आली की त्यानं आतून बटण दाबायचं. दिगू दर वर्षी पहिल्या नंबरानं पास. एका वर्षी तपासणी अर्ध्यावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, हेडफोनची पिन मशीनला लावायचीच राहिली आहे. आत काहीही ऐकू जात नव्हतं, आणि हा पठ्ठ्या प्रत्येक शिट्टीला बरोब्बर बटण दाबत होता! काचेतून तो माझं मनगट बघत होता. मनगट हललं की बटण. मला हसू फुटलं. मी पिन लावली, तपासणी पुन्हा केली, तो पुन्हा मनगट बघून पास झाला, आणि मी तसंच लिहून टाकलं. प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घालायचा नियम होता, पण दिगूचे बोळे खिशात. “कान बुजवले तर मशीन काय बोलतीय ते कसं कळायचं?” असं त्याचं म्हणणं. प्रेसवर त्याचा मान होता. तिथून काढून कुठंतरी कोपऱ्यात टाकला असता, तर तो खचला असता. मला वाटलं, आपण मित्राला सांभाळून घेतोय. असं मी चार वर्षं सांभाळून घेतलं.

मग एका सहकाऱ्याचा निवृत्तीचा कार्यक्रम झाला. दिगूनं त्याच्यासाठी खास गाणं केलं होतं, माझ्याच आवाजात. मोठ्या स्पीकरवर लागलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. मागून कुणीतरी ओरडलं, “राव, डाक्टरांचा आवाज हाय का इंजेक्शन?” सगळे हसले. दिगूला वाटलं, गाणं आवडलं. त्यानं स्पीकरवाल्याला खूण करून आवाज आणखी वाढवायला लावला. तो एवढ्या आनंदात होता की मला तिथं उभं राहवेना. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. जी धार आम्हाला टोचत होती, ती त्याला ऐकूच येत नव्हती. म्हणून तो ती वाढवत होता.

पुढच्या तपासणीला मी माझ्या हातापुढे एक फाईल उभी केली. दिगूनं फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुरुवातीच्या जाड आवाजांना त्यानं बटण दाबलं. मग दाबेनासा झाला. मी शिट्ट्या सोडत राहिलो, तो फाईलकडे बघत बसला. शेवटी हेडफोन खाली घेऊन म्हणाला, “आरं, चालू तर कर की.”

“चालूच आहे, दिगू.”

या वेळी मी जे होतं तेच लिहिलं. महिनाभरात त्याची बदली पॅकिंगला झाली आणि तो माझ्याशी बोलायचा थांबला. बसमध्ये माझ्या सीटवरून पुढे निघून जायचा. गुरुवार येत होते, जात होते. लॅपटॉपवर वहिनींनी रुमाल टाकून ठेवला, असं कळलं. मला त्याची बदली झाल्याचं वाईट नव्हतं वाटत. त्याचं गाणं आपण घालवलं, याचं वाटत होतं.

चौथ्या महिन्यात वहिनींनीच फोन केला. “भाऊजी, या. घरात फार चिडचिड चाललीय.” गेलो. दिगू मान खाली घालून पेटीवरची धूळ पुसत होता. मी लॅपटॉपवरचा रुमाल काढून जुनंच एक गाणं लावलं. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पेटी-तबला तिकडं खोलीत आहे, अन् भाऊजी तेवढे इथं ओट्यावर येऊन ओरडतायत.” दिगूनं झटकन मान वर केली. इतक्या वर्षांत त्या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. गोधड्या तेवढ्या मागितल्या होत्या! त्यानं लॅपटॉपवर काहीतरी खाली केलं आणि ओरडून विचारलं, “आता?” आतून उत्तर आलं, “दारापर्यंत गेले.” त्या दिवशी बॅटरी संपेपर्यंत हेच चाललं. तो हलवायचा, त्या आतून सांगायच्या. शेजारच्या खोलीतून हळू आवाजात ऐकलं की काय वर आलंय आणि काय बुडालंय ते लगेच कळतं, हे आम्हाला भाजी निवडणाऱ्या बाईकडून कळलं.

त्यानंतरची वर्षं आमची सगळ्यात चांगली. वहिनींचे कान, दिगूचे हात, माझा गळा. दिगू तर शिकवायलाच लागला. म्हणायचा, “डाक्टर, तीन जणांच्या बाकावर चौथा आला तर त्याला रेटून बसवायचं नसतंय. बाकीच्यांनी जरा सरकायचं असतंय.” पेटी आणि माणसाचा गळा एकाच ठिकाणी बसतात, म्हणून माझा आवाज वाढवण्याऐवजी तो पेटीच्या आवाजाचा मधला भाग थोडा उतरवायचा. मग सगळ्यांना मिळून एकच हलका घुमारा द्यायचा. तोही इतका कमी की आहे हे कळू नये, काढला तर मात्र चुकल्यासारखं वाटावं. वहिनी ‘टोचतोय’ म्हणाल्या की ‘स’ची धार तो पडद्यावर आकृती बघून कापायचा, आणि कापून झाली की वहिनींकडे मान्यतेला पाठवायचा. त्या “हं” म्हणाल्याशिवाय एकही गाणं घराबाहेर पडलं नाही. माझ्यावरचा राग कधी गेला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला कधीच सांगितली नाही. त्याला वाटायचं, मनगटाची युक्ती मी फाईल उभी केली त्याच वर्षी पकडली. चार वर्षं मला ती ठाऊक होती आणि त्या चार वर्षांत त्याचे कान आणखी गेले, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. पहिल्याच वर्षी फाईल उभी केली असती तर त्याला आपल्या गाण्यातला ‘स’ बहुधा ऐकू आला असता… मला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, आणि आता सांगायचं कुणाला?

गेल्या गुरुवारी वहिनींनी बोलावलं. लॅपटॉपवर एक गाणं पुरं करून ठेवलेलं होतं. दिगू जायच्या दोन दिवस आधी, वहिनी रावेतला मुलीकडे गेल्या असताना त्यानं एकट्यानं बसून केलेलं; माझा आवाज आधीच्या गुरुवारी घेतलेला होता. लावलं. पहिल्याच ओळीत माझा आवाज सुईसारखा बाहेर आला. तीच धार, जुनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला जग कसं ऐकू येत होतं ते त्यात जसंच्या तसं होतं.

“राहू द्या वहिनी,” मी म्हणालो. “त्याच्या हातचं शेवटचं आहे. याला हात नको लावायला.”

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी मला विचारलं असतं. मी घरी नव्हते, म्हणून राहिलंय ते.” आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “लावा.”

मी पुन्हा एकदा त्याला सांभाळूनच घ्यायला निघालो होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. गाणं सुरुवातीला नेलं. ‘स’ कापला. माझा आवाज थोडा उतरवला.

“अजून,” आतून आलं.

आणखी उतरवला. स्वतःचा आवाज स्वतःच्या हातानं खाली आणणं सोपं नसतं, गाणाऱ्याला विचारा. कारखाने बंद होते, बाहेर अगदी शांत होतं. मी आणखी एक रेघ खाली आलो. माझ्या आवाजामागं पेटीचा भाता आत-बाहेर होत होता, दोन सुरांच्या मधे कुणी दम घ्यावा तसा.

“थांबा, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “आता ह्यांची पेटी ऐकू यायला लागली.”