उत्तराची पाटी

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते. आदल्याच रविवारी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आमच्या घरी, माझ्याच पंगतीत, त्यांनी माझ्या पाहुण्यांची शोभा केली होती. विनयच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी मनगटातलं चुंबकाचं कडं दाखवून आपली सांधेदुखी गेल्याचं सांगितलं, तर ह्या बाई श्रीखंडाची वाटी हातात धरून विचारतात, "कडं घातलं नसतं तर गेली नसती, हे कशावरून?" ते गृहस्थ पुरी अर्धी टाकून उठले. मी सुधाताईंना स्वयंपाकघरात नेऊन चांगलं सुनावलं आणि त्या बूट घालून निघून गेल्या. आठवडाभरात आपणच फोन करावा असं मनात होतं... हॉस्पिटलचा फोन आधी आला.

त्या विनयच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. आमचं कधी पटलं नाही, आणि त्या गेल्या म्हणून पटत होतं असं मी लिहिणार नाही. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करायला त्या जर्मनीत आल्या आणि पुढे त्याच युनिव्हर्सिटीच्या संग्रहालयात नोकरीला लागल्या. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारायच्या, "म्हणजे तिकिटं फाडतेस का गं?" तिकिटं त्या फाडत नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला, शाळेच्या पोरांपासून पेन्शनर म्हाताऱ्यांपर्यंत, विज्ञान म्हणजे काय ते दाखवायचं हे त्यांचं काम होतं, आणि ते करताना त्या समोरच्याची जराही गय करत नसत.

त्यांचं एक टेबल होतं. त्यावर लाकडी उतार आणि दोन गोल डबे. दोन्ही डबे एकाच मापाचे, एकाच वजनाचे. एकात शिसं मधोमध बसवलेलं, दुसऱ्यात कडेनं गोलाकार. हे सगळं त्या आधीच सांगून टाकत. दोन्ही उतारावरून एकदम सोडले तर खाली आधी कुठला पोचेल? नियम एवढाच, की आधी उत्तर सांगायचं, मोठ्यानं, चारचौघांत, कारणासकट. मगच डब्याला हात लावायचा. टेबलावर उत्तराची पाटी नव्हती. विचारलंच तर म्हणत, "डबे सांगतील ना."

युरो नुकताच आला होता त्या उन्हाळ्यात माझे बाबा इथे आले होते. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्यांना मी हौसेनं संग्रहालयात नेलं. सुधाताई म्हणाल्या, "काका, आधी सांगा." बाबा म्हणाले, "दोन्ही एकदमच. उंचावरून टाकलेल्या वस्तू एकदमच खाली येतात." डबे सोडले. मधोमध शिसं असलेला स्पष्ट आधी पोचला. भोवती जर्मन लोक उभे होते. सुधाताईंनी त्यांच्याकडे वळून जर्मनमध्ये सांगितलं, की ह्या गृहस्थांचं कारण चांगलं आहे आणि चूक आहे, कुठे चुकलं ते कोण शोधतंय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर मी बाबांची माफी मागायला लागले, तर ते म्हणाले, "अगं, पडणं वेगळं आणि गडगडत येणं वेगळं, तिथे चुकलो मी. इतकी वर्षं नोकरी केली, पण मला कारण कुणी विचारलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी ते एकटेच ट्रेननं पुन्हा तिथे गेले. तरी मी सुधाताईंशी कित्येक महिने बोलले नाही.

मग संग्रहालयात नवे संचालक आले. माणूस गोड बोलणारा, आणि मला गोड बोलणाऱ्यांचा पहिल्यापासून राग. त्यांचं म्हणणं, लोकांना चारचौघांत चुकायला आवडत नाही, त्यांना घरी नेता येईल असं काहीतरी द्या. बटण दाबलं की डबे सुटतील, आणि शेजारी उत्तराची छान रंगीत पाटी. सुधाताई शेवटपर्यंत अडून बसल्या. "पाटी वाचून लोक शहाणे होत नाहीत, नुसते पुढे सरकतात," असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, आणि त्यानंतर त्यांना मीटिंगला बोलावणं बंद झालं. हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "तुमचा स्वभावच तसा आहे." त्यावर त्या जर्मनमध्ये नुसतं "गेनाऊ", अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी संग्रहालयात श्रद्धांजलीची सभा झाली. फुलं, चेलो, वाइन. संचालक म्हणाले, त्या अत्यंत मृदू होत्या. मृदू! टेबलावरचं कापड त्यांनी दूर केलं तेव्हा उताराला बटण बसवलेलं होतं आणि शेजारी रंगीत पाटी उभी होती, कुठला डबा जिंकतो आणि का, ते सगळं सांगणारी. खाली पितळी पट्टीवर सुधाताईंचं नाव कोरायचं होतं. त्यासाठी कुटुंबाची संमती हवी होती. विनयचे डोळे भरून आले, तो हो म्हणणारच होता. मी जर्मनमध्ये नाही म्हटलं, "नाइन." संचालकांना वाटलं, मला जर्मन नीट येत नाही. त्यांनी सावकाश पुन्हा विचारलं. मी तितक्याच सावकाश सांगितलं, की ह्या पाटीखाली त्यांचं नाव येणार नाही. पाटी काढा, मग नाव घाला. त्यांनी पाटी काढली नाही.

घरी आल्यावर विनय म्हणाला, "ताईचं नाव कायमचं राहिलं असतं तिथे. तुला ती आवडत नव्हती म्हणून..." आवडत नव्हत्याच. सासूबाई अजून माझ्याशी फोनवर धड बोलत नाहीत. सुधाताईंचं नाव आता त्या इमारतीत कुठेच नाही, आणि ते मीच लागू दिलं नाही.

हल्ली रविवारी मी तिथे जाते. तिकीट काढते, टेबलाशी जाऊन पाटीला पाठ लावून उभी राहते. रुंद आहे मी, पाटी पुरती झाकली जाते. कुणी बटणाकडे हात नेला की हात मध्ये घालते आणि विचारते, आधी कुठला पोचेल, आणि का? लोक चिडतात. पहारेकऱ्यानं दोनदा हटकलंय. मागच्या रविवारी एक बाई तावातावानं म्हणाल्या, दोन्ही एकदमच येतील, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी म्हटलं, "कारण?" त्या वाकून डब्यांकडे बघत उभ्या राहिल्या.