चौथ्या प्रयत्नाला वळणारी बाई

आमच्या हॅलोरन गावात कुणालाही विचारा, छातीवर हात ठेवून सांगेल, की अर्विला फिस्टरने पोटच्या पोराचा एकही सामना पाहिलेला नाही. पोरगा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात. आई दर शनिवारी तिकीट काढून येते, अगदी खाली कठड्यापाशी जागा धरते, आणि मैदानाकडे पाठ करून, आम्हा प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते. कुणी म्हणतं नवस आहे. कुणी म्हणतं नवरा गेल्यापासून तिचं डोकं जरा सरकलंय. आमच्या शेजारच्या खुर्चीत ड्वेन हॅगस्ट्रम बसतात. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण आवाज अजून यंत्रांच्या वरचाच. ते म्हणतात, "अगं, आपली नजर वाईट आहे हे तिला स्वतःलाच ठाऊक आहे. बघत नाही हे गावावर उपकारच समज!"

हे सगळं खोटं आहे. मी दुसऱ्या रांगेत, बरोबर तिच्यासमोर बसते. तिची मान कधी वळते ते मला तोंडपाठ आहे. टोबिन फिस्टरने या मैदानात टाकलेला एकही चेंडू तिने चुकवलेला नाही. चुकवते ती बाकीचं सगळं.

त्याचं असं, की टोबिन लॉन्ग स्नॅपर आहे. म्हणजे दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. त्यातले तीन वाया गेले, की चौथ्याला चेंडू लाथाडून लांब घालवायचा, नाहीतर गोलाच्या खांबांमधून मारायचा. त्या लाथेआधी कुणीतरी वाकून, दोन पायांमधून, मागे उभ्या असलेल्या गड्याच्या हातात चेंडू फेकावा लागतो. तो कुणीतरी म्हणजे टोबिन. वाकायचं, फेकायचं, अंगावर येणाऱ्या दांडग्याला अडवायचं, आणि परत बाकावर. बस, एवढाच खेळ.

आणि फिस्टरबाईंना कितवा प्रयत्न चाललाय ते बघायला मैदान लागत नाही, आमची तोंडं पुरतात. पहिल्याला लोक मक्याच्या लाह्या खात असतात. दुसऱ्याला खाणं थांबतं. तिसऱ्याला सगळे उभे. आणि मग सगळ्या स्टँडचा खांदा एकदम पडतो, "आऽऽह!" की बाई गर्रकन वळल्या. चेंडू मागच्या गड्याच्या हातात नीट पोचला, की परत आमच्याकडे. लाथ कुठे गेली, कोण धावलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

"काय फिस्टरबाई," हॅगस्ट्रम ओरडायचे, "आमचं वाटोळं झाल्याशिवाय तुमच्या घरी दिवाळी नाही का हो?"

"ड्वेन, तुझं वाटोळं झालं ते माझ्या पोराच्या जन्माआधीच. त्याच्यावर ढकलू नकोस."

हे म्हणताना ओठ जेमतेम हलतात. शब्द नाकाच्या बाजूने येतात आणि शेवटचा शब्द गिअर बदलल्यासारखा खाली पडतो. मला हा आवाज दोन वर्षांपासून हुबेहूब काढता येतो, कारण आमच्या शाळेची बस त्याच चालवतात. "खिडकीबाहेर हात कुणाचा आहे? ज्याचा असेल त्याला तो परत हवाय का?" मी हे मागच्या सीटवरून म्हटलं, की पहिल्या रांगेतली पोरं हात आत घेतात.

फिस्टरबाईंची इच्छा एकच होती. लाउडस्पीकरवर टोबिनचं नाव कधी येऊ नये. स्नॅपरचं नाव पुकारलं गेलं, म्हणजे त्याच्या हातून घात झाला. चार वर्षं ते एकदाही आलं नव्हतं. आणि शेवटून दुसऱ्या सामन्याला, गारांचा पाऊस पडत असताना, चेंडू त्याच्या बोटांतून सटकला आणि मागच्या गड्याच्या डोक्यावरून गेला. गेला तो घरंगळत आमच्याच गोलरेषेपलीकडे. दुसऱ्या संघाचा एक राक्षस चेंडूवर पालथा पडला, म्हणजे गुण त्यांना आणि सामनाही त्यांना. संपलं. निवेदकाने आपल्या त्या देवळातल्या घंटेसारख्या आवाजात सांगितलं, "स्नॅप... टोऽऽबिन... फिस्टर."

बाई वळलेल्याच होत्या. त्यांनी ते पाहिलं. मग आमच्याकडे तोंड केलं, कठड्यावरचा थर्मास उचलला आणि त्याचं झाकण फिरवू लागल्या. झाकण घट्ट बसलेलंच होतं. त्या फिरवतच राहिल्या.

सोमवारी बसमध्ये नववीतल्या एका शहाण्याने वाकून, दोन पायांमधून, आपला जेवणाचा डबा मागे भिरकावला. डबा खिडकीवर आपटला, सॉस काचेवर. सगळे फिदीफिदी हसले. मीसुद्धा. बाईंनी आरशात पाहिलं. गाडी हळूच कडेला घेतली.

"डबा उचल. काच पूस," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराच्या वेळी निदान गारा पडत होत्या. तुझं काय कारण?"

पोराने काच पुसली. पण नंतरच्या प्रत्येक थांब्याला बाईंनी रेडिओ लावला आणि बंद केला. लावला, बंद केला.

रेडिओवर कर्ट नावाचा एक माणूस आहे. ट्रॅक्टरच्या जाहिराती आणि फुटबॉल, दोन्ही एकाच पट्टीत बोलतो. "मित्रहो, गणित सोपं आहे, आणि गणित भयंकर आहे! पाच जिंकलो, सहा हरलो. शनिवारी सहावा जिंकला तर डिसेंबरातल्या जादा सामन्याची, 'बोल गेम'ची, दारं उघडतील. उघडतील म्हणतोय हं, आत घेतीलच असं नाही. जागा थोड्या आहेत, मित्रहो, आणि आमचा ट्रॅक्टर मात्र मुबलक आहे!"

टोबिनचं हे शेवटचं वर्ष. इतक्या बुटक्या पोराला पुढे कुणी पैसे देऊन खेळवणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. वसंतात तो काकांच्या गाडीवर जाणार, लोकांच्या तळघरातल्या, घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायला. म्हणजे शनिवारी हरलो तर संपलं. जिंकलो आणि बोलावणं आलं, तर आणखी एक सामना. फिस्टरबाईंना तो एक सामना हवा होता. कप नको, फोटो नको. पोरगा आणखी एकदा वाकायला हवा होता, इतकंच. त्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजमधून रोज संध्याकाळी भिंतीला टेकवलेल्या गादीवर चेंडू आपटल्याचा आवाज यायचा. धप्. धप्. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत, हातात कोरडंच भांडं घेऊन कोरड्या फडक्याने पुसत.

"प्रशिक्षक त्याला खेळवतील ना?" मी एकदा विचारलं.

"तुला कुणी सांगितलं नाही खेळवणार म्हणून?"

"नाही. मी आपलं विचारलं."

"मग विचारू नकोस ना, पोरी. मला काय घोर कमी आहे?"

शनिवारी कडक ऊन आणि त्याहून कडक थंडी. बाई जागेवर. पहिल्यांदा आमचे खांदे पडले तेव्हा त्या वळल्या, आणि मी त्यांच्या मानेकडेच बघत राहिले. मान ताठ. मग सैल. टोबिनच होता. चेंडू नीट गेला.

त्या दिवशी आमचे खांदे फार वेळा पडले. मध्यंतरापर्यंत हॅगस्ट्रमांचा घसा बसला होता. "बाई, आज तुमचं पोर सगळ्यात जास्त धावलंय हो! एवढं तर आमचा चेंडू पळवणारा नाही धावला!"

"ओरडू नकोस, ड्वेन. तुझं तोंड नीट दिसलं पाहिजे मला. त्याच्यावरूनच कळतं."

शेवटी शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि घड्याळात काही उरलं नव्हतं. तिसरा प्रयत्न वाया गेला. पण या वेळी खांदे पडले नाहीत. कुणी "आह" म्हटलं नाही. चेंडू खांबांपासून लाथेच्या टप्प्यात होता, आत गेला तर तीन गुण आणि सामना आमचा, सगळी माणसं श्वास कोंडून उभी होती, आणि बाईंना काही कळेना. त्या एकेका चेहऱ्यावर नजर टाकत होत्या. हॅगस्ट्रमनी डोळे मिटले होते. त्यांच्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"काय चाललंय? कितवा?" त्या माझ्यावर खेकसल्या. "बोल की! एरवी तर तोंड मिटत नाही!"

"चौथा! वळा, वळा!"

त्या वळल्या तेव्हा टोबिन वाकलेलाच होता. चेंडू दोन पायांमधून सुटला, गुडघ्यावर बसलेल्या गड्याच्या ओंजळीत सरळ गेला. बाई लगेच परत आमच्याकडे फिरल्या. त्यामुळे लाथ बसताना, चेंडू खांबांमधून जाताना आणि गाव वेडं होताना त्यांनी फक्त आमची तोंडं पाहिली. हॅगस्ट्रमनी मला उचललं आणि खाली ठेवायचं विसरले.

"सहा! फिस्टरबाई, सहा!"

"गेला का आत?"

"गेला म्हणजे काय!"

"मग अजून काहीच झालेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना मैदानात खाली बसलेलं पाहिलं.

खरंच काही झालेलं नव्हतं. त्या दुपारी देशभर पाच-पाच विजयांवर अडकलेले कितीतरी संघ खेळत होते. त्यांतला जो जो जिंकेल, तो तो आमच्या शेजारी येऊन त्याच थोड्या जागांकडे हात पसरणार होता. म्हणून आम्ही सगळे हॅगस्ट्रमांच्या तळघरात जमलो, राजमा-खिम्याच्या चिलीचं मोठं पातेलं आणि चॉकलेटात बुडवलेल्या पीनट बटरच्या गोळ्या घेऊन. आणि ज्यांची नावंही धड घेता येत नाहीत, अशा गावांच्या पोरांचं वाईट चिंतत बसलो. एक हरला. टाळ्या. दुसरा हरला, हॅगस्ट्रमनी टीव्हीला मुका दिला. तिसरा हरत हरत, शेवटच्या क्षणी जिंकला.

टीव्हीवर त्याही संघाच्या कुणाची तरी आई उड्या मारताना दाखवली. फिस्टरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तिलाही तोच सामना हवा होता," त्या म्हणाल्या. टोबिन कोपऱ्यात चिली खात होता. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि तो डाव्या हाताने खात होता.

"एक संघ जास्त झालाय," हॅगस्ट्रम म्हणाले. "उद्या दुपारी यादी. आता ते बघणार, कुणाच्या मागे जास्त माणसं येतील. आपल्या मागे कोण येणार? मी, माझी सायटिका आणि बँडमधला तो ट्युबावाला."

"घेतील आपल्याला," मी म्हणाले. "शेवटच्या लाथेवर जिंकलोय. लोकांना असलं आवडतं."

"नाही घेणार," फिस्टरबाई म्हणाल्या.

"पैज?"

"लाव."

"मी जिंकले, तर आठवडाभर बसच्या माईकवर सूचना मी देणार. तुमच्या आवाजात."

टोबिनला ठसका लागला.

"आणि मी जिंकले, तर नाताळच्या सुट्टीपर्यंत माझी बस तू झाडायची," बाई म्हणाल्या. "सीटांखालच्या च्युइंगमसकट."

"अहो बाई," हॅगस्ट्रम म्हणाले, "स्वतःच्या पोराविरुद्ध पैज लावता?"

"गेलो, तर मी हरायला तयार आहे, ड्वेन. हिला आठवडाभर नाही, जन्मभर माईक देईन. नाही गेलो, तर निदान बस तरी स्वच्छ होईल."

दुसऱ्या दिवशी संघाच्या भोजनगृहात खेळाडू आणि घरची माणसं बसली होती; पैजेपायी फिस्टरबाईंनी मलाही नेलं होतं. भिंतीवरच्या टीव्हीत कोट घातलेले दोघेजण एकेक सामना, एकेक शहर, एकेक जोडी वाचत होते. प्रत्येक नावाबरोबर खोलीत कुणीतरी खुर्ची पुढे ओढायचं. बाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या, पोरांच्या तोंडांकडे बघत. शेवटची जोडी वाचली गेली. त्यात कालच्या त्या उड्या मारणाऱ्या आईचा संघ होता. आमचं नाव नव्हतं.

बाईंना कुणाला विचारावं लागलं नाही. शंभर-सव्वाशे दांडग्या पोरांचे खांदे एकदम खाली आले. बाईंची मान सवयीने वळायला निघाली, आणि मग तिथेच थांबली. मागे बघण्यासारखं काही नव्हतं.

प्रशिक्षक काहीतरी चांगलं बोलले. कुणी ऐकलं नाही. टोबिन ताटातल्या कुस्करलेल्या बटाट्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "मम्मा, आता शनिवारी काय करायचं?"

"येत्या शनिवारी छपराची पन्हळ साफ करायची आहे."

"आणि त्याच्या पुढच्या?"

बाईंनी त्याच्या बोटावरची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली. "त्याच्या पुढच्याचं बघू," त्या म्हणाल्या. चिकटपट्टी बसली तरी अंगठा त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

निघताना मी त्यांना दारात गाठलं. "तुम्ही जिंकलात," मी म्हणाले.

"हो गं, जिंकले," त्या म्हणाल्या. "झाडू मागच्या दाराशी असतो."

सोमवारी पोरं उतरल्यावर मी झाडायला घेतलं. सीटांखाली पेन्सिली होत्या, एक हातमोजा होता, सकाळच्या न्याहारीचं सांडलेलं सिरिअल होतं. मागच्या रांगेत एका जागी च्युइंगम इतकं जुनं, की त्याचा दगडच झालेला. हे टोबिन शाळेत होता तेव्हाचं असणार, असं मी पुढे ओरडून सांगितलं.

"असेल," फिस्टरबाई आरशात बघून म्हणाल्या. "नीट खरवड."