आबांचं भजन भरून घेताना

वेल्ह्याकडच्या एका गावातून फोन आला तेव्हा मी भोरच्या माझ्या स्टुडिओत नव्या डब्या हाताळत बसलो होतो. फोनवर आबांची लेक होती. आबा म्हणजे त्यांच्या गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. "दादा, आबांच्या गळ्याचं आपरेशन हाय. डॉक्टर म्हणत्यात, नंतर आवाज ऱ्हायचा न्हाई. त्याच्या आधी देवळात येकदा भजन ठेवलंय. तेवढा आवाज नीट भरून घ्या." मी म्हणालो, "ताई, निर्धास्त राहा." माझी जीभ अशा वेळी फार सैल सुटते.

डब्यांचं कारण असं की, तीन कॅमेऱ्यांनी लग्न शूट केलं की ती तिन्ही चित्रं एकमेकांशी जुळवताना जीव नकोसा होतो. या डब्या तिन्ही कॅमेऱ्यांना एकच घड्याळ पुरवतात. त्याला टाइमकोड म्हणतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्यांना त्यासाठी वेगळी जागा नाही, म्हणून वायर माईकच्या भोकात खुपसायची. मग ते घड्याळ आवाज म्हणूनच भरलं जातं, आणि ऐकायला नुसती किर्रकिर्र. बाजूच्या दोन कॅमेऱ्यांना मी फक्त डब्या लावल्या. मधल्या कॅमेऱ्याला दोन तोंडांची वायर जोडली, एका बाजूने किर्रकिर्र आणि दुसऱ्या बाजूने आबांचा माईक. मोठा शास्त्रज्ञ असल्यासारखा मी देवळात मिरवत होतो.

भजन सुरू होण्याआधी लोकांनी मोबाईल वर धरले. मी सरळ माईक हातात घेतला आणि सांगितलं, "मोबाईल खाली ठेवा, चित्रात येतात. आवाज माझ्याकडे भरला जातोय." तालुक्याच्या गावाहून तीन कॅमेरे घेऊन आलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांनी निमूटपणे मोबाईल खिशात घातले. मी हेडफोन लावला नाही, ती किर्रकिर्र कानाला बोचते. पडद्यावर आवाजाच्या दोन्ही पट्ट्या भरलेल्या दिसल्या. गाणाऱ्याचा आवाज असला की पट्ट्या खालीवर होतात, या जागच्या हलत नव्हत्या. मला वाटलं, आबांचा आवाजच दमदार.

दुसऱ्या दिवशी तिन्ही चित्रं एका झटक्यात जुळली. टाळकऱ्याचा हात तिन्हीकडे एकाच क्षणी खाली येत होता. मी खुर्चीतून उठून स्वतःशीच टाळी वाजवली. मग आवाज लावला. मधल्या कॅमेऱ्यात आधीच्या लग्नातली एक सेटिंग तशीच राहिली होती, एका बाजूचा आवाज दोन्ही बाजूंना उमटवायची. दोन्हीकडे किर्रकिर्र, आबा कुठेच नाहीत. बाकी दोन कॅमेऱ्यांतही तेच, कारण माईकच्या भोकात डबी असल्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक बंद होतो. तोवर आबांना पुण्याला दवाखान्यात नेलं होतं.

ते घरी आल्याचं कळल्यावर लॅपटॉप घेऊन गेलो. नसरापूरपासून वेल्ह्याचा रस्ता धरला आणि वाटेत काय बोलायचं ते घोकत राहिलो. आबा पलंगावर बसले होते, गळ्याला पट्टी. त्यांना बघितलं आणि घोकलेलं सगळं सोडून मी म्हणालो, "मशीन बिघडलं. चित्र आलंय, आवाज नाही आला." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मशीनने तर आपलं काम चोख केलं होतं.

लेकीने हातातली परात खाली ठेवली. "कुणाच्या तरी मोबाईलात असंल की," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच आठवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. काकी, म्हणजे आबांच्या बायको, उलट माझीच समजूत घालायला लागल्या. "मशीनच त्ये. तुमी तरी काय करणार? च्या घ्या." एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

आबांनी लॅपटॉपकडे बोट केलं. मी मुका व्हिडिओ लावला. ते बराच वेळ बघत राहिले, बोटांनी मांडीवर ठेका धरला. मग थांबले. पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाला त्यांनी बोट लावलं, आणि तेच बोट माझ्या कानाला.

मला उमजेना. काकी म्हणाल्या, "इचारत्यात, तुमी तर म्होरंच हुता. शेवटची भैरवी कशी झाली? त्यांना सोताला त्या दिशी कायबी कळत नव्हतं म्हनं, लई भरून आलं हुतं."

मी अगदी समोर होतो, हाताच्या अंतरावर. सगळं भजनभर मी तिन्ही डब्यांवर पळणारे घड्याळाचे आकडे बघत होतो, एकसारखे पळताहेत ना ते. भैरवी कुठली होती तेही मला सांगता येईना. "छान झाली" एवढं म्हणून सुटता आलं असतं, आणि त्या घरात कुणालाही ते खरं वाटलं असतं.

"आबा," मी म्हणालो, "मी ऐकलीच नाही."

त्यांनी माझ्या कानावरचं बोट हळूच काढून घेतलं.