दत्तसरांच्या वर्गातली चोरी

क्राइम रिपोर्टरकडे किस्से साठतात ते गादीखाली सापडणाऱ्या सेफ्टी पिनांसारखे. ठेवल्याचं आठवत नाही, टोचतात मात्र बरोबर! नोकरी संपली की हा साठा वाढायचा थांबेल, असं मला वाटलं होतं. पण घरी बसून टीव्हीवरच्या अर्धवट बातम्यांवर ओरडण्यापेक्षा मी इथे बंगालात, न्यू टाउनमधल्या एका युनिव्हर्सिटीत क्रिमिनॉलॉजीच्या एम.ए.ला नाव घातलं आणि साठा दुप्पट झाला.

*

पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला आले दत्तसर. रिटायर्ड पोलीस अधिकारी, एके काळचे एका ठाण्याचे बडोबाबू, म्हणजे तिथले मुख्य साहेब. त्यांच्या ठाण्यातल्या चोऱ्या दर वर्षी कमी व्हायच्या. कशा? कोणी मोबाइल चोरीची तक्रार घेऊन आलं, की 'मोबाइल हरवला' अशी नोंद व्हायची. चोरी म्हटलं की एफआयआर, तपास, वरून विचारणा. हरवलं म्हटलं की एक शिक्का, आणि घरी जा! मी भर पत्रकार परिषदेत विचारलं होतं, "साहेब, तुमच्याच हद्दीतली माणसं एवढी विसरभोळी कशी?" त्यांनी मला ठाण्याबाहेर काढलं होतं.

हजेरीत माझं नाव आलं आणि ते थबकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, तुम्ही इथेही?"

"हो सर. आणि इथून बाहेर काढता येणार नाही, फी भरली आहे!"

*

माझ्या शेजारी बसायची तनया. बाबा बँकेत, नागपूरहून बदली होऊन आलेले. वर्गात सगळा कारभार बंगाली, हिंदी, इंग्रजीत; मराठी आम्हा दोघींपुरतीच. मी तिची मावशी झाले ते पहिल्याच डब्याला. तिला पोलिसात जायचं होतं. तिच्या आईला ते अजिबात पसंत नव्हतं. शेवटी घरात तह झाला: डिग्री वेळेवर मिळाली तर पोलीस भरतीची परीक्षा, एक सेमिस्टर जरी लांबलं तर मुकाट्याने बँकेचा क्लास.

मी तिच्या आईची समजूत घालायला गेले. "वहिनी, जाऊ द्या हो तिला. मी जन्मभर बाहेरून भांडले. कोणीतरी आतून भांडायला नको का?"

वहिनी म्हणाल्या, "ती तुमच्यासारखी होईल, हीच तर धास्ती आहे!"

*

चौकशी कशी करावी, याचं प्रॅक्टिकल होतं. पोलीस झाला हावड्याचा शुभो, अतिशय सज्जन मुलगा. आरोपी झाली तनया. शुभोने टेबलावर हात आपटला आणि लगेच "सॉरी" म्हणाला. मग पाणी विचारलं. पाणी पिऊन तनयाने त्याच्या हावड्याच्या घराची चौकशी केली, आईची तब्येत विचारली, फुटबॉलवर आली. थोड्या वेळाने खुर्च्या त्याच होत्या, पण प्रश्न ती विचारत होती.

"गेल्या मंगळवारी दुपारी तू नक्की कुठे होतास?"

शुभो रडवेला झाला. "मॅच बघायला गेलो होतो. दत्तसरांना आजी आजारी म्हणून सांगितलं."

दत्तसर मागच्याच बाकावर बसले होते!

*

मग खुनाचा देखावा. खोलीत एक कापडी बाहुला, शेजारी रक्त म्हणून ओतलेला, पायाला लावायचा लाल आलता, भोवती पिवळी पट्टी. पुरावे आम्ही गोळा करायचे. एका गटाला मृतदेहापाशी शिंगाड्याचा चुरा सापडला. शिंगाडा म्हणजे इथला समोसा. त्यांनी तो चिमट्याने उचलून पिशवीत घातला आणि तर्क मांडला: खुनी निर्ढावलेला आहे, प्रेताशेजारी बसून खातो, आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं असावं, कारण कागद कपाटामागे लपवला आहे.

दत्तसर खाकरले. "तो चुरा सोडा. देखावा मांडताना मी..."

"लिहून घ्या!" मी ओरडले. "संशयिताने कबुली दिली!"

*

आणि हा शेवटचा किस्सा. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किती बेभरवशाचे असतात, हा धडा होता. दत्तसरांनी एका नाटकमंडळीतला नट ठरवला होता. त्याने अचानक वर्गात घुसायचं, एखादी बॅग उचलून पळायचं, मग आम्ही वर्णन लिहायचं. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

लेक्चर रंगात आलं असताना एक माणूस आत शिरला, पहिल्या बाकावरची तनयाची बॅग उचलली आणि पसार! तनया किंचाळून मागे धावली. दत्तसरांनी दारातच तिला अडवलं.

"बस, बस! कागद घ्या. काय पाहिलंत ते लिहा!"

आम्ही लिहिलं. कोणी मिशी लिहिली, कोणी दाढी. शुभोने लिहिलं, 'चेहरा माझ्या मामासारखा.' दत्तसर कागद वाचून खूश होत होते, तेवढ्यात दारात एक घामाघूम माणूस उभा राहिला.

"सर, माफ करा, बस अडकली होती. आता सुरू करू?"

नट हा, म्हणजे मघाचा खराच चोर! बॅगेत तनयाचा लॅपटॉप होता. लॅपटॉपमध्ये प्रबंध, सोमवारी जमा करायचा. विषय: ठाण्यात चोरीची नोंद का होत नाही!

"कॉपी ठेवली असशील ना गं?"

"पेनड्राइव्हही त्याच बॅगेत होता, मावशी."

युनिव्हर्सिटीचा नियम साफ होता. चोरीचा एफआयआर दाखवला तर महिनाभराची मुदत. 'हरवलं' असेल तर तो विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा, सेमिस्टर गेलं. म्हणजे बँकेचा क्लास.

तनया, दत्तसर आणि मी ठाण्यात गेलो. ड्युटीवरचा अधिकारी एके काळी दत्तसरांच्याच हाताखालचा; त्यांना पाहून ताडकन उठला, सॅल्यूट ठोकला, चहा मागवला. तनयाचं सगळं ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाला, "ताई, 'बॅग हरवली' असं लिहा. लगेच शिक्का देतो."

"हरवली नाही, चोरीला गेली. दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर घ्यावाच लागेल. नव्या फौजदारी कायद्याचं कलम १७३."

अधिकारी हसला. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

तनयाने दत्तसरांकडे बोट दाखवलं.

मी गप्प बसणार होते थोडीच! "आणि साहेब, 'हरवली' लिहायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

अधिकाऱ्याने कपाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग अगदी संकोचाने त्याचंही बोट दत्तसरांकडे वळलं.

दत्तसरांनी चहा खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लिही. चोरी."

"पण सर, आकडा वाढेल..."

"वाढू दे," दत्तसर म्हणाले. "मी आता रिटायर झालोय!"