सिंगापूरहून बोलतोय

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघं खूप बोललो, सांगण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं, आणि हे एवढं राहिलं. राहिलं म्हणजे — मी ठेवलं. मुलीला ठाऊक नाही, मित्रांना नाही. तुमच्याआधी तोंडाने फक्त एका माणसाला सांगितलं, तेही यंदाच. तो माझा धाकटा भाऊ, सुधाकर. त्याला सांगायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. त्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, नाही का?

सुरुवात जरा अलीकडून करतो. एकदम मूळ गोष्टीवर यायला अजून जीभ वळत नाही.

मी सिंगापुरात, क्लेमेंटीला राहतो. विद्यापीठ जवळ, म्हणून एक खोली भाड्याने देतो. गेल्या वर्षी ऋजुता आली — पुण्याची, इतिहासात पीएच.डी. करणारी. पहिले दोन-तीन दिवस ‘अंकल’ म्हणाली, मग ‘काका’ म्हणायला लागली, आणि त्याच दमात माझ्या हातचं वरण खाऊन म्हणाली, की काका, याला वरण नका म्हणू, हे हळद घातलेलं पाणी आहे. घरात पुन्हा कुणीतरी नावं ठेवायला आलं, बरं वाटलं.

तिचा विषय अठराव्या शतकातले व्यापारी. एक अटलांटिकच्या या काठावर, दुसरा त्या काठावर, आणि मधे महिनोन्‌महिने प्रवास करणारी पत्रं. तंबाखूचा भाव पडला, जहाज पोचलं नाही, अमक्याची उधारी थकली. मी जन्मभर आयात-निर्यात केली, त्यामुळे ती अडली की मला विचारायची — माल वाटेत खराब झाला तर भुर्दंड कुणावर, मुदत वाढवून मागायची तर आधी काय लिहायचं. मी सांगायचो. अडीचशे वर्षांपूर्वीचे ते गोरे व्यापारी मला शेजारच्या दुकानातले वाटायचे.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या व्यापाऱ्याने पत्रात आपल्या भावाबद्दल लिहिलं होतं. भावाची बुद्धी ठिकाणावर राहिलेली नाही, त्याला गावाबाहेर एका घरात ठेवलं आहे, आमच्या घरावर हे मोठं संकट आहे, वगैरे. ऋजुताचे डोळे भरून आले होते.

“किती हळवा माणूस होता ना, काका? धंद्याच्या पत्रातसुद्धा भावाचं दुःख लपवता आलं नाही त्याला.”

मी विचारलं, हा मजकूर पत्रात कुठे येतो? त्याच्या आधी काय आहे? तिने वर सरकवून पाहिलं. आधी देण्याची रक्कम होती. आणि नंतर? नंतर मुदत वाढवून मागितली होती.

मी चष्मा काढून पुसत बसलो. दुसरं काय करणार? तो माणूस खरोखर हळवा असेलही, मला माहीत नाही. त्याच्यावर मी आरोप करत नाही. पण देणं आणि मुदत यांच्या मधोमध भाऊ ठेवायचा — ही जागा मला माहीत होती. मी माझा भाऊ तिथेच ठेवला होता.

“त्या भावाचं काय म्हणणं होतं?” मी विचारलं.

“त्याचं एकही पत्र नाहीये, काका. तो फक्त दुसऱ्यांच्या पत्रांत आहे.”

ती सहज म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मी मात्र तिथेच राहिलो. कारण माझा भाऊ जिवंत होता. बुकित बातोकला, माझ्या घरून एका बसवर.

तर आता सांगतो.

सुधा, म्हणजे सुधाकर, आणि मी कोल्हापूरहून इथे आलो ते धंदा करायलाच. मी आधी, तो दोन वर्षांनी. डाळी, मसाले, पोहे असं काय काय मागवायचो, पण आमचं खरं नाव झालं ते कोल्हापुरी गुळावर. शाहूपुरीतले आप्पा नावाचे अडते माल पाठवायचे, बहुतेक उधारीवर, शब्दावर. त्या काळी परदेशी फोन म्हणजे खर्चाचं काम. लाइन लागली की वेळ घालवायचा नाही. त्यामुळे आम्ही दोघंही फोनवर नाव सांगत नसू. “सिंगापूरहून बोलतोय” — एवढंच. पलीकडून आप्पा किंवा त्यांचा दिवाणजी म्हणायचा, बोला. सुधाचा आणि माझा आवाज इतका सारखा होता की आमची आईसुद्धा फोनवर हटकून चुकायची, आणि चुकली की आम्हालाच ओरडायची.

मग सुधाला तो आजार झाला. आज त्याला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा लोक सरळ म्हणायचे, डोकं फिरलं. काही आठवडे तो झोपायचा नाही, जेवायचा नाही, अखंड बोलायचा, दुनियेला फोन लावायचा. एकदा त्याने आमच्या टिचभर दुकानासाठी शंभर घडीच्या खुर्च्या मागवल्या. मग एक दिवस सगळं विझायचं, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्या आधीच्या बडबडीच्या दिवसांतलं त्याला धड आठवायचंही नाही.

त्याच्या आजारपणातल्याच एका पावसाळ्यात आप्पांनी विचारलं होतं, की नवा गूळ दिवाळीला येईल, तोवर थांबता का? शिल्लक माल आहे, पण पावसाळ्यात बोटीवर गुळाला पाणी सुटेल. आप्पा धंद्याची गोष्ट सांगत होते. पण इथे बाजारात गूळ नव्हता, भाव चढला होता, आणि मला तो भाव दिसत होता. मी फोन केला. पलीकडे दिवाणजी होता. मी म्हणालो, सिंगापूरहून बोलतोय, थांबू नका, आहे तो सगळा माल आत्ता चढवा.

मी. सुधा नाही. सुधा त्या वेळी हॉस्पिटलमध्ये होता की घरी, हेसुद्धा मला आता नक्की आठवत नाही — पण फोन मी केला हे स्वच्छ आठवतं.

गूळ आला तो ढेपा म्हणून नाही, काकवी म्हणून आला. गोदामाच्या दारातून पाझरत होता. मुंग्या, माश्या, आणि तो आंबूस वास. आम्ही बुडालो म्हटलं तरी चालेल. आप्पांचं देणं फेडायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. आधी मालाची अवस्था लिहिली आणि देण्याचा आकडा. शेवटी मुदत मागितली. आणि मधे लिहिलं, की माझ्या भावाच्या मनाचं संतुलन बिघडलेलं आहे, माल चढवा असं फोनवर सांगणारा तोच होता, मला हे उशिरा कळलं.

दिवाणजीला कसं कळणार कोण बोललं? आवाज एकच, नाव कुणीच सांगत नव्हतं.

आप्पांचं उत्तर आलं. निम्मं देणं त्यांनी सोडून दिलं होतं. भावाला सांभाळा, पैशाचं पुढे बघू, असं लिहिलं होतं. पाकिटात देवीचा अंगारा होता, सुधासाठी. तो अंगारा — मी माझ्या हाताने त्याच्या कपाळाला लावला. हे लिहितानाही मला थांबावं लागतंय.

पण माझा गुन्हा तो नाही. म्हणजे तोही आहे. पण तेवढाच असता तर पैशांचा प्रश्न होता, फेडता आला असता. सुधा बरा होऊन घरी आला, आणि त्याने विचारलं, गूळ असा कसा आला? मी तेव्हा सांगू शकलो असतो. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, तूच फोन केला होतास.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, “मी बोललो असेन, अण्णा. मला आठवत नाही.”

कल्पना करा — आपल्या तोंडून निघालेला शब्द आपल्याला माहीत नाही, आणि त्या शब्दाने घर बुडालं, असं एखाद्या माणसाला पटवून दिलं तर तो कसा जगेल? सुधा तसा जगला. धंद्यातून बाजूला झाला. एका गोदामात पॅकिंगचं काम धरलं, निवृत्त होईपर्यंत तेच केलं. गोळ्या त्याने कधी चुकवल्या नाहीत. त्यानंतर तो पुन्हा तसा आजारी पडला नाही. पण फोन वाजला की तो दुसऱ्याकडे द्यायचा. कुणाला होकार द्यायचा नाही, नकार द्यायचा नाही. आणि बोलता बोलता मधेच विचारायचा, “मी असं म्हणालो का?” माझी मुलगी लहानपणी इथल्या इंग्रजीत त्याची चेष्टा करायची, “काका, यू सेड लाह, जस्ट नाऊ यू सेड,” आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. सगळ्यांना वाटायचं हा त्याच्या आजाराचा अवशेष. तो अवशेष आजाराचा नव्हता, हे एकट्या मला माहीत होतं. आणि मी सणावारी त्याच्या पानात श्रीखंड वाढत राहिलो.

ऋजुताच्या त्या रविवारनंतर मी तीन वेळा बुकित बातोकला गेलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. चौथ्या खेपेला सांगितलं. त्याच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये, सकाळी. तो कोपीत, म्हणजे इथल्या कॉफीत, टोस्ट बुडवत होता. मी काही प्रस्तावना केली नाही. म्हणालो, गुळाचा फोन मी केला होता, तू नाही.

टोस्ट कोपीत पडला. त्याने चमच्याने तो शांतपणे बाहेर काढला.

“म्हणजे मी बोललो नव्हतो.”

“नाही.”

“आणि तुला तेव्हाच माहीत होतं.”

“हो.”

तो उठून जाईल असं मला वाटलं. तो बसून राहिला, आणि मग एकेक विचारू लागला. गिऱ्हाइकाला दुकानातून हाकललं होतं ते? ते तू, मी म्हणालो. आईला फोनवर वाटेल ते बोललो ते? तेही तूच. आणि त्या शंभर खुर्च्या?

“खुर्च्या तुझ्याच.”

“चांगल्या होत्या खुर्च्या,” तो म्हणाला. आणि हसला — माझ्याकडे बघून नाही, स्वतःशीच. शेवटी त्याने विचारलं, आप्पा आहेत का? मी सांगितलं, ते केव्हाच गेले, मुलगा पेढी चालवतो.

“त्याला लिही. माझं नाव घालून लिही, की सुधाकर बोलला नव्हता. आणि आता तू जा, अण्णा. मला आज तुझ्याशी बोलायचं नाही.”

मला तो ‘जा’ म्हणाला. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा. बसमध्ये मला लाज वाटत होती, आणि — खोटं कशाला बोलू — त्या लाजेच्या तळाशी कुठेतरी आनंदही होता. ज्याला स्वतःच्या शब्दाची भीती वाटत होती, त्याने एक कडक शब्द उच्चारला होता आणि मागे घेतला नव्हता.

मी कोल्हापूरला लिहिलं, त्याने सांगितलं तसं. तेव्हा सोडून दिलेली रक्कमही पाठवली. ऋजुतालाही सांगायला हवं. हे छापून आल्यावर तिला वाचायला देईन.

दोन-अडीच महिने सुधा आला नाही, मला बोलावलंही नाही. मी गेलो नाही. तो वेळ त्याचा होता.

मग परवा सकाळी बेल वाजली. दारात तो, हातात पपई. आत आला, नेहमीच्या खुर्चीत बसला. मी जुनं काहीतरी काढलं — इथलं आपलं पहिलं घर, पाचव्या मजल्यावरचं, तिथला तो वारा.

“चौथ्या,” सुधा म्हणाला.

मी म्हणालो, पाचवा रे.

“चौथा. लिफ्ट पाचव्यावर थांबायची, म्हणून तुला तसं वाटतंय. तिथे उतरून आपण एक जिना खाली यायचो. तांदळाचं पोतं तू नेहमी माझ्या डोक्यावर द्यायचास.”

तो मला विचारत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत थांबलाही नाही. पपईसाठी सुरी शोधायला सरळ स्वयंपाकघरात गेला.

त्याचं बरोबर होतं. चौथाच मजला होता. मी तसं म्हणालो, आणि तो आतून म्हणाला, मला माहीत आहे.

त्याने मला माफ केलं का, हे तो बोललेला नाही. मी विचारलेलं नाही.