ठमीच्या हिरड्या

“हिरडी म्हणजे काय, गुलाबी मेण,” असं कवळीवाले एकदा बायकोला म्हणाले होते.

खोटं नव्हतं ते. चौतीस वर्षं त्यांच्या हाताखालून जी हिरडी गेली ती मेणाचीच. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे. हे त्यात प्लास्टर ओतायचे, त्यावर मेणाची हिरडी कोरायचे, एकेक दात बसवायचे. माणूस कधी दिसायचा नाही. नुसतं तोंड यायचं, डब्यातून. दुखतं का, असं त्या तोंडाला विचारायची वेळच आली नाही.

बायको तेव्हा ठमीला मांडीवर घेऊन बसली होती. रोज सकाळी ती बोटाला ओलं फडकं गुंडाळायची आणि कुत्रीच्या हिरड्यांवरून कडेकडेने फिरवायची.

“ठमीबाई फोटो काढायला निघाल्या वाटतं?” हे हसायचे.

“तुम्ही तुमचं मेण सांभाळा. माझ्या बोटाला कळतं काय ते.”

बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. फडकं खिडकीच्या खिळ्यावर वाळून पुठ्ठ्यासारखं झालं. ठमीचं तोंड मग कवळीवाल्यांनी आपल्या पद्धतीने हाती घेतलं. दर रविवारी, कामाच्या मेजावर, दिव्याखाली, कोरणीच्या टोकाने ते दातांवरचं पिवळं किटण खरवडून काढत आणि कवळ्यांना चमक आणायच्या पावडरीने दात घासत. ठमी थरथरायची, पण बसून राहायची. दात असे चमकायचे की कवळीवाले दिवा विझवायला विसरत.

आणि आता पाच दिवस ती जेवत नव्हती. घास उचलायची, खाली टाकायची, आणि यांच्याकडे बघायची, जणू तो यांनीच परत घ्यावा. घरात यांच्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच एक होतं.

धाकटी बहीण आली तीच नाकाला पदर लावून. “दादा, हिच्या तोंडाला वास येतोय.”

“कसा येईल? रविवारीच घासलेत.”

“मग काय माझ्या तोंडाला येतोय?”

तिनेच दोघांना प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ठमीचा ओठ वर केला. “अगं बाई, हे तर आरसे आहेत! कोणी केलं?”

“मी. घरीच.” कवळीवाल्यांची पाठ ताठ झाली.

बाईंनी बोटाने हिरडी हलकेच दाबली. ठमी कळवळली. दाताच्या कडेने आधी पू आला, मग रक्त.

“आजार इथे आहे, हिरडीच्या आत. वरून खरवडून तिथवर काहीच पोचत नाही. उलट दातावर बारीक ओरखडे उठतात, किटण आणखी बसतं. भूल देऊन एक्स-रे काढते. चारेक दात बहुतेक जातील.”

“पण ते स्वच्छ आहेत.”

“आहेत.”

“मग?”

“मग काय, तरी काढायचे.”

कवळीवाल्यांनी बहिणीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. कुठेतरी चूक होत होती, पण कुणाची? “माप घ्या,” ते म्हणाले. “चार दात मी करून देतो.”

बहीण हसली आणि त्यांचा चेहरा बघून थांबली.

“नको हो,” बाई म्हणाल्या. “दुखणं गेलं की ती त्यांच्यावाचूनही जेवेल.”

त्यांच्यावाचून. चौतीस वर्षांचे साचे कवळीवाल्यांच्या डोक्यात एकदम तोंड उघडून बसले. “भुलीतून उठेल ना?”

“वय आहे तिचं. मी जपून देते. पण असंच ठेवलं तर उपाशी मरेल.”

“दादा, सही कर,” बहीण हळू म्हणाली. त्यांनी आधी भलत्याच रेघेवर सही केली.

संध्याकाळी बाईंनी कापसावर चार दात आणून ठेवले. कवळीवाल्यांनी ते सवयीने उलटे केले. वर आरसा. खाली मुळं काळपट, कुरतडल्यासारखी. चमक बरोबर जिथे संपत होती तिथपर्यंतच त्यांचा हात पोचला होता.

“दोन आठवडे जखम भरू द्या. मग रोज मऊ ब्रश, आणि पेस्ट कुत्र्यांचीच. आपली नको, ती गिळून टाकेल. ब्रश नको म्हणाली, तर असं.” बाईंनी स्वतःच्या बोटाला ओली पट्टी गुंडाळली आणि हवेतच कडेकडेने फिरवली.

कवळीवाले बघत राहिले. “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“हे?” बाई गोंधळल्या. “कॉलेजात.”

तेवढ्यात बहीण ओरडली, “दादा, बघ, खातेय!” ठमी डगमगत उभी होती आणि वाटीतला मऊ लगदा चाटत होती. अर्धी वाटी संपली. तिने मान वर केली नाही, यांच्याकडे बघितलंही नाही.

कवळीवाल्यांनी बाईंनी मेजावर ठेवलेली पट्टी उचलली. तर्जनीला गुंडाळली, सोडली, मधल्या बोटाला गुंडाळली. बायको कुठल्या बोटाला गुंडाळायची? रोज समोर बसून बघितलेलं, आणि आठवेना.

“दात नेणार का?” बाईंनी विचारलं.

त्यांनी पट्टी खिशात ठेवली, ठमीला खांद्यावर घेतलं, आणि दात कापसावरच ठेवून बाहेर पडले.